पर्जन्याच्या नोंदी, वर्णपटाची गळती आणि गवाक्ष-फलने : मेहकर तालुक्याच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेच्या काठचे तालुक्याचे गाव. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडावा आणि उरलेले आठ महिने त्या ओलाव्यावर व विहिरींच्या पाण्यावर निभावावेत, असा ह्या कोरडवाहू मुलखाचा क्रम आहे. अशा ठिकाणी पाऊस किती पडला ह्याच्याइतकाच, तो पुन्हा केव्हा दगा देईल, हा प्रश्न जिव्हाळ्याचा असतो. अवर्षणांना काही ठरावीक आवर्तन आहे काय? असेल तर किती वर्षांचे? हा प्रश्न शेतकरी विचारीत आला, महसुली अधिकारी विचारीत आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गणितज्ञही विचारीत आला. त्याचे उत्तर देण्यासाठी ह्या एका परिसरात दोन अगदी भिन्न प्रकारच्या नोंदी उपलब्ध आहेत. एक, वऱ्हाडातील तालुक्यांच्या ठिकाणी महसूल खात्याच्या देखरेखीखाली ठेवल्या गेलेल्या पर्जन्यमापकांची. आणि दुसरी, मेहकरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर, पूर्वी मेहकर तालुक्यातच मोडणाऱ्या लोणारच्या सरोवरतळाशी साचलेल्या गाळाची. पहिली नोंद दीड शतकाच्या आतली, दुसरी अकरा हजार वर्षांची. दोन्ही मर्यादित आहेत, आणि दोन्हींच्या कडा गणितात विघ्न आणतात. मात्र हे विघ्न दोन्हीकडे सारखे नाही, आणि म्हणून त्यावरचा उपायही सारखा असू शकत नाही. गवाक्ष-फलनांच्या तुलनेचा सारा इतिहास ह्या भेदाभोवती फिरतो.

१८७६ ते १८७८ ह्या काळात दक्षिण भारतात पडलेल्या भीषण दुष्काळाच्या वेळी हा प्रश्न प्रथम जाहीर चर्चेत आला. विल्यम हंटर यांनी मद्रास येथील १८१३ ते १८७६ या ६४ वर्षांच्या पावसाचे आकडे घेऊन, ते सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाशी जुळतात, असे प्रतिपादन केले. नोव्हेंबर १८७७ मध्ये ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांच्यासह त्यांनी सौर डाग व दुष्काळ यांवर एक लेख प्रसिद्ध केला, आणि तो बराच गाजला. हे खरे ठरते तर दुष्काळाचे वर्ष आधीच सांगता आले असते; धान्याचे साठे, तगाई, सारामाफी ह्यांची आखणी सूर्याकडे पाहून करता आली असती. हे खोटे असूनही खरे मानले गेले असते, तर निर्धास्त मानलेल्या वर्षांत लोक उपाशी मेले असते. त्याच वर्षी रिचर्ड स्ट्रेची यांनी रॉयल सोसायटीपुढे हंटर यांच्या प्रतिपादनाची चिकित्सा केली आणि बदलत्या राशींच्या श्रेणीत नियतकालिकता आहे हे ठरविण्याची खरी कसोटी कोणती, हा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच घातला. हेच स्ट्रेची पुढे दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले. कसोटीचा प्रश्न व दुष्काळ-निवारणाचा प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर यावेत, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

हा वाद नीट कळण्यासाठी गणिताचा मूळ मुद्दा येथे सांगणे अवश्य आहे. झोझेफ फूर्ये यांच्या १८२२ सालच्या उष्णतेवरील ग्रंथापासून हे सर्वमान्य झाले की, कोणतीही आवर्ती राशी निरनिराळ्या कंप्रतांच्या, म्हणजे ठरावीक काळात कमीअधिक वेळा येणाऱ्या, साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. प्रत्येक लहरीचा परमप्रसर, म्हणजे मध्यापासूनची तिची कमाल उंची, काढून तो कंप्रतेपुढे मांडला की वर्णपट तयार होतो. परंतु ह्या मांडणीत एक अट गुप्तपणे शिरते. हाती असलेली नोंद जेथे संपते तेथून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि असे अनंत काळ चालते, असे गणित धरून चालते. नोंदीची लांबी लहरीच्या आवर्तकालाच्या पूर्ण पटीत असेल तर ह्या गृहीताने काही बिघडत नाही. ती तशी नसेल तर मात्र सांध्याशी खाच पडते, आणि ती खाच भरून काढण्यासाठी मूळ राशीत नसलेल्या अनेक कंप्रतांना वर्णपटात जागा द्यावी लागते. एका कंप्रतेची शक्ती अशी आजूबाजूला पाझरते, ह्यास वर्णपटाची गळती म्हणतात.

मासिक पावसाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. जूनपासून आरंभ करून १२० महिन्यांची नोंद घेतली तर तीत वर्षाची लहर बरोबर दहा वेळा बसते. नोंद मे महिन्यात संपते आणि पुढे पुन्हा जून येतो. ऋतुक्रम अखंड राहतो. आता त्याच नोंदीला सहा महिने जोडून ती १२६ महिन्यांची केली तर वार्षिक लहर साडेदहा वेळा येते, नोंद नोव्हेंबरात संपते आणि गणिताच्या दृष्टीने नोव्हेंबराच्या पाठोपाठ पुन्हा जून उजाडतो. कार्तिकाच्या पाठीला ज्येष्ठ जोडावा, तसा हा प्रकार! वर्णपटात ह्याचा परिणाम असा होतो की, वर्षाच्या लहरीसाठी एकच ठळक रेघ मिळण्याऐवजी दहाव्या व अकराव्या कंप्रतांवर मूळ परमप्रसराचे सुमारे ६४-६४ टक्के, नवव्या व बाराव्यावर २१ टक्के, आणि पुढे उतरत्या क्रमाने सर्वत्र काही ना काही अंश दिसतो. पाचव्या कंप्रतेवर तो सुमारे ६ टक्के असतो. लहरीच्या कलेप्रमाणे त्यात दोनएक टक्क्यांचा फरक पडेल. ही पाचवी कंप्रता म्हणजे २५.२ महिन्यांचा आवर्तकाल होय. विषुववृत्तावरील उच्च वातावरणात वाऱ्यांची दिशा दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाने उलटते, हे १९६०-६१ च्या सुमारास निदर्शनास आले, आणि तेव्हापासून पावसात तशी द्वैवार्षिक लहर सापडते काय, ह्याचा शोध जगभर सुरू झाला. वार्षिक लहरीचा परमप्रसर १०० मिलिमीटर धरला तर वरील गळतीमुळे नेमक्या त्याच जागी सुमारे ६ मिलिमीटरांची एक लहर आयती उभी राहते. वार्षिक लहरीपुढे ती क्षुल्लक आहे खरी. पण शोधावयाची लहरही तेवढीच क्षुल्लक असते.

ज्या शास्त्रांत आवर्तकाल आधीच ठाऊक होते त्यांना हा त्रास फारसा जाणवला नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चार्ल्स चेंबर्स व त्यांच्यानंतर १८९६ पासून संचालक असलेले नानाभाई मूस यांच्या हाताखाली भूचुंबकत्वाच्या नोंदींचे जे हरात्मक विश्लेषण झाले, त्यात तासातासाच्या वाचनांतून दिवसाची लहर काढावयाची होती. चोवीस वाचनांत दिवस बरोबर एकदा बसतो. तेथे सांध्याला खाच नाही. मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय निरीक्षणे कुलाब्याहून अलिबागेस न्यावी लागली, तो काळ हाच. भरती-ओहोटीच्या विश्लेषणात अडचण थोडी अधिक होती, कारण चंद्राचे व सूर्याचे आवर्तकाल एकमेकांत पूर्ण भागले जात नाहीत. तेथे युक्ती केली गेली ती नोंदीच्या लांबीची. ३६९ दिवसांची नोंद घेतली की १४.७६५ दिवसांचे उधाणाचे आवर्तन तीत जवळजवळ बरोबर २५ वेळा बसते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे. अशा बंदरांचे गणित ह्या शहाणपणावर चालले. गळती थोपविण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे, आणि नवी साधने हाती आल्यावर तो विसरला जातो, ही खेदाची गोष्ट होय.

पावसाच्या बाबतीत मात्र आवर्तकाल ठाऊक नसतो. तोच तर शोधावयाचा असतो. आर्थर शुस्टर यांनी १८९८ मध्ये अज्ञात आवर्तने शोधण्यासाठी पीरिओडोग्रामची कल्पना मांडली. शुस्टर हे मूळचे प्रकाशाच्या वर्णपटाचे अभ्यासक. अरुंद फटीतून आलेला प्रकाश पडद्यावर पडला असता मधल्या तेजस्वी पट्ट्याच्या दोन्ही अंगांस फिकट पट्टे उमटतात, हे त्यांच्या नित्य परिचयाचे होते. मर्यादित नोंद ही कालप्रवाहाला पाडलेली फटच आहे आणि तिच्यातून पाहिल्यास आवर्तनालाही असे फिकट सोबती उमटणारच, हे साम्य त्यांच्या मांडणीत अंतर्भूत होते. गणिताने पाहता ही उपशिखरे साधी नव्हेत. नोंदीच्या आत सर्व वाचनांना सारखा भार आणि बाहेर शून्य, असे जे आयताकार गवाक्ष न मागता प्रत्येक नोंदीबरोबर येते, त्याचे पहिले उपशिखर मुख्य शिखराच्या जवळजवळ २२ टक्के उंचीचे असते.

भारतात ह्या प्रश्नाला खरी धार आणली ती गिल्बर्ट वॉकर यांनी. केंब्रिजचे हे गणितज्ञ १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे महासंचालक झाले व १९२४ पर्यंत त्या पदावर होते. १९१४ मध्ये त्यांनी संबंध अथवा आवर्तने खरी आहेत हे ठरविण्याच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्याचे सार असे : अनेक कंप्रता तपासल्या असता त्यांपैकी सर्वांत मोठे शिखर निव्वळ योगायोगानेही बरेच मोठे येणार; म्हणून एखाद्या एकट्या शिखराला लावावयाची कसोटी निवडून काढलेल्या शिखराला लावता येत नाही. हंटर यांच्या पद्धतीवर ह्याहून कडक टीका दुसरी नव्हती, जरी वॉकर यांचा रोख केवळ त्यांच्याकडे नव्हता. १९३१ मध्ये, भारत सोडल्यानंतर, त्यांनी युडनी यूल यांच्या १९२७ च्या कल्पनेचा विस्तार करून, पाठोपाठच्या संख्या परस्परांशी निगडित असलेल्या श्रेणीत आवर्तनासारखे जे दिसते त्याची उपपत्ती दिली. वॉकर यांनी योगायोगाचा बंदोबस्त केला. नोंदीच्या कडांचा बंदोबस्त व्हावयाचा राहिला.

तो झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि बव्हंशी दळणवळणाच्या अभियंत्यांकडून. मॉरिस बार्टलेट यांनी १९४८ मध्ये पीरिओडोग्राम सौम्य करण्याची पद्धत सुचविली. तिच्यातून त्रिकोणी गवाक्ष निघते, ज्याचे मूळ फेयेर यांच्या शतकारंभीच्या बेरजांच्या सिद्धान्तात आहे. त्यानंतर १९५८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील ब्लॅकमन व ट्यूकी यांचा शक्तिवर्णपटाच्या मापनावरील दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला, आणि गवाक्ष ही संज्ञा शास्त्राच्या व्यवहारात रुजली. त्यांची रीत अशी की, आधी श्रेणीचा स्वतःशीच निरनिराळ्या अंतराने असलेला सहसंबंध काढावयाचा, त्याला कडांकडे उतरत जाणारा भार द्यावयाचा, आणि मग त्याचे फूर्ये रूपांतर करावयाचे. भार कोणता द्यावा, ह्याची जी उत्तरे त्यांनी दिली त्यांपैकी एक हवामानशास्त्राच्या घरचेच होते. व्हिएन्नाचे यूलिउस फोन हान हे हवामानशास्त्रातील थोर संग्राहक. शेजारच्या आकड्यांना एक, दोन, एक अशा प्रमाणात भार देऊन श्रेणी सौम्य करण्याची त्यांची रीत होती. हान १९२१ मध्ये निवर्तले. वर्णपटाच्या गळतीसाठी त्यांनी स्वतः काही केले नव्हते. पण वर्णपटाच्या शेजारशेजारच्या किमतींना पाव, अर्धा, पाव असा भार देणे म्हणजे काळाच्या बाजूला उंचावलेल्या कोज्येचे गवाक्ष लावणे होय, हे ब्लॅकमन व ट्यूकी यांनी ओळखले आणि त्या क्रियेला हान यांच्या नावावरून ‘हॅनिंग’ म्हटले. त्यांचे सहकारी रिचर्ड हॅमिंग यांनी हे भार ०.२३, ०.५४, ०.२३ असे किंचित बदलून पहिले उपशिखर जवळजवळ नाहीसे केले. ‘हॅनिंग’ व ‘हॅमिंग’ ही नावे कानाला इतकी सारखी लागतात की, हॅनिंग नावाचा कोणी गृहस्थ होऊन गेला असावा, अशी समजूत अनेक अभ्यासकांत पसरली.

ह्या गवाक्षांची तुलना वरच्या १२६ महिन्यांच्या नोंदीवरच करून पाहणे उद्बोधक होईल. पाचव्या कंप्रतेवर आयताकार गवाक्षातून वार्षिक लहरीची सुमारे ५.८ टक्के गळती होते. त्रिकोणी गवाक्षात व हॅमिंगच्या गवाक्षात ती ०.७ टक्क्यांवर येते, हान यांच्या नावाच्या गवाक्षात ०.२ टक्क्यांवर, आणि ब्लॅकमन यांच्या त्रिपदी गवाक्षात ०.०७ टक्क्यांपर्यंत उतरते. सहा मिलिमीटरांची भ्रामक लहर अशा रीतीने एका मिलिमीटराच्या आत येते. येथे एक गोष्ट चटकन लक्षात येणार नाही, ती अशी : हॅमिंगचे सर्वांत मोठे उपशिखर हानच्यापेक्षा कितीतरी लहान असते, एकाचे ०.७ टक्के तर दुसऱ्याचे २.७ टक्के, तरीही साडेपाच अंतरावर हान सरस ठरतो. कारण हॅमिंगची उपशिखरे मुख्य शिखराजवळ दबलेली असली तरी पुढे ती मंदगतीने उतरतात, आणि हानची झपाट्याने. जवळच्या शेजाऱ्याचा उपद्रव टाळावयाचा असेल तर हॅमिंग, दूरच्याचा टाळावयाचा असेल तर हान, असा हा भेद आहे. आणखी एक खबरदारी : गवाक्ष लावण्यापूर्वी श्रेणीतून तिची सरासरी वजा केली पाहिजे, नाही तर आयताकार गवाक्षात शून्य कंप्रतेवर स्वस्थ बसलेली सरासरी हान गवाक्षात शेजारच्या कंप्रतेवर सांडते.

अर्थात हे सारे फुकट मिळत नाही. गवाक्ष जितके कडांकडे निमुळते, तितके वर्णपटातील मुख्य शिखर रुंद. आयताकार गवाक्षाचे शिखर दोन्ही बाजूंना एकेका कंप्रतेपर्यंत पसरते, हानचे दोन-दोन, ब्लॅकमनचे तीन-तीन. हंटर यांच्या मद्रासच्या ६४ वर्षांच्या श्रेणीत ह्याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. तेथे अकरा वर्षांच्या सर्वांत जवळची कंप्रता सहावी, म्हणजे १०.७ वर्षांची. आयताकार गवाक्षातून पाहिल्यास तिचे शिखर ९.१ ते १२.८ वर्षांपर्यंत पसरते. हान गवाक्षातून पाहिल्यास ८ ते १६ वर्षांपर्यंत. गळती रोखण्याच्या भरात प्रश्नच हातचा निसटतो. ‘आठ आणि सोळा वर्षांच्या दरम्यान कधीतरी’ हे उत्तर दुष्काळाच्या नियोजनाला काय उपयोगी पडणार? शिवाय कडेच्या वर्षांना जवळजवळ शून्य भार मिळतो. वऱ्हाडातील एखाद्या ठिकाणची श्रेणी १८९९ पासून सुरू होत असेल, तर ज्या अवर्षणाने १८९९-१९०० चा महादुष्काळ ओढवला, तेच वर्ष हान गवाक्षाखाली गणितातून पुसले जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या अभ्यासाचे केंद्र पुणे झाले. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आली होती. १९६२ मध्ये तेथे उष्णदेशीय मौसमविज्ञानाची स्वतंत्र संस्था निघाली. जागतिक हवामान संघटनेने १९६६ मध्ये हवामानातील बदलांवर जी तांत्रिक टिप्पणी काढली तीत ब्लॅकमन-ट्यूकी रीत व हान यांचे तीन भार ह्यांचा पुरस्कार होता, आणि शिखराची कसोटी सपाट वर्णपटाशी न करता श्रेणीच्या अंगभूत सातत्याने झुकलेल्या वर्णपटाशी करावी, असेही सांगितले होते. जगन्नाथन व पार्थसारथी यांचा भारतीय पावसाचे कल व आवर्तने यांवरील निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पार्थसारथी व त्यांचे सहकारी यांनी ३०६ ठिकाणांच्या आधारे १८७१ पासूनच्या प्रादेशिक पर्जन्यश्रेणी तयार केल्या. मेहकर ज्यात येते तो विदर्भ हा त्यांतील एक विभाग आहे.

ह्या वार्षिक श्रेणींचा विशेष असा की, एका वर्षाच्या पावसाचा पुढच्या वर्षाच्या पावसाशी संबंध फार थोडा असतो. त्यामुळे वर्णपट बव्हंशी सपाट येतो. त्यात दुसऱ्यावर सांडेल असा एखादा उत्तुंग डोंगर नसतो. जेथे सांडण्याजोगे फारसे काही नाही तेथे गळतीची भीती कशाला? अशा श्रेणीला निमुळते गवाक्ष लावल्याने लाभ अल्प आणि रुंदीचे नुकसान पुरेपूर, असे म्हणणे भाग आहे. तेथे खरा धोका वॉकर यांनी दाखविलेलाच राहतो. मासिक श्रेणीत वार्षिक लहरीचा डोंगर असतो खरा, पण त्यावरही पूर्ण वर्षांची नोंद घेणे किंवा प्रत्येक महिन्यातून त्या त्या महिन्याची सरासरी वजा करणे, हा साधा उपाय कोणत्याही गवाक्षापेक्षा अधिक कामाचा ठरतो.

लोणारला मात्र परिस्थिती उलट आहे. उल्काघाताने झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या ह्या विवरातील सरोवरातून पाणी बाहेर वाहत नाही. पावसाची भर आणि बाष्पीभवन ह्यांचा हिशेब त्याच्या गाळात साठत राहतो. सुष्मा प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळाच्या स्तंभातून अकरा हजार वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास वाचला गेला. सरोवर आटून क्षार घट्ट होतात तेव्हा गेलुसाइट ह्या खनिजाचे स्फटिक बनतात. त्यांसारख्या पुराव्यावरून आजपासून ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी अशी दोन दीर्घ अवर्षणे दिसून आली. सातशे आणि चौदाशे वर्षांची अवर्षणे! अशा श्रेणीत मंद लहरी प्रचंड असतात आणि शीघ्र लहरी त्यांच्यापुढे अगदी बारीक. वर्णपट सपाट नसून एका बाजूला उंच कड्यासारखा असतो.

आता अशा गाळात सूर्याचे सुमारे दोनशे वर्षांचे आवर्तन शोधावयाचे ठरविले, तर ते अकरा हजार वर्षांच्या नोंदीत ५५ व्या कंप्रतेवर येईल. नोंदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राशी सरळ रेषेत उतरत गेली आहे, एवढे जरी धरले, तरी आयताकार गवाक्षात त्या उताराचा अंश ५५ व्या कंप्रतेवर एकूण उताराच्या ०.५८ टक्के पोहोचतो, आणि तो कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणातच कमी होत असल्याने कोठेही पुरता संपत नाही. हान गवाक्ष लावले की हाच अंश आणखी सुमारे ३००० पटींनी कमी होतो. किंबहुना आयताकार गवाक्षातून पाहिल्यास कितीही तीव्र उताराचा वर्णपट एका विशिष्ट उतारापलीकडे जातच नाही. शक्ती कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे दिसू लागते, आणि गवाक्षाचा हा गुण निसर्गाचा नियम म्हणून नोंदविला जाण्याचा संभव असतो. म्हणून गाळाच्या श्रेणीत आधी सरळ उतार वजा करणे आणि मग निमुळते गवाक्ष लावणे, ही दोन्ही पथ्ये आवश्यक ठरतात. हॅमिंगची मंद उतरणारी उपशिखरे येथे उपयोगाची नाहीत. हान किंवा ब्लॅकमन हेच योग्य. गाळाचे थर सारख्या कालांतराने साचत नाहीत, ही अडचण वेगळीच आहे. तिच्यासाठी लोंब यांनी १९७६ मध्ये व स्कार्गल यांनी १९८२ मध्ये असमान अंतरांवरील वाचनांची रीत दिली, पण गळतीचा प्रश्न तिच्यातही शिल्लक राहतो.

१९६५ मध्ये कूली व ट्यूकी यांनी जलद रूपांतराची रीत प्रसिद्ध केल्यावर सहसंबंधाचा वळसा घेण्याचे कारण उरले नाही. भार थेट मूळ नोंदीला देता येऊ लागला, आणि गवाक्षांची संख्या भराभर वाढली. फ्रेडरिक हॅरिस यांनी १९७८ मध्ये वीसहून अधिक गवाक्षांची एकत्र तुलना केली. आल्बर्ट नटल यांनी १९८१ मध्ये तीतील काही आकडे दुरुस्त केले. ह्या गर्दीत एक प्रवाह मात्र निराळा होता. ठरावीक पट्ट्यात जास्तीत जास्त शक्ती राखणारे फलन कोणते, हा प्रश्न स्लेपियन व पोलॅक यांनी १९६१ मध्ये सोडविला, आणि त्याचे एक सोपे आसन्न रूप जेम्स कायझर यांनी १९६६ मध्ये दिले. स्लेपियन यांच्या फलनांशी पुण्याचा दुरून संबंध लागतो, तो फारसा कोणी ध्यानात घेत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असता, यादृच्छिक फलन ठरीव लहरींऐवजी त्याच्या स्वतःच्या सहसंबंधातून निघणाऱ्या लंबरूप फलनांत विस्तारण्याची रीत मांडली. एका मर्यादित पट्ट्यातील सपाट वर्णपटाच्या श्रेणीवर हीच रीत लावली असता जी फलने निघतात, ती स्लेपियन यांचीच होत.

डेव्हिड थॉमसन यांनी १९८२ मध्ये ह्या फलनांचा जो उपयोग केला तो वर सांगितलेल्या नुकसानीवरचा उतारा आहे. एकच गवाक्ष न लावता परस्परांस लंबरूप अशी अनेक निमुळती फलने एकाच नोंदीला एकामागून एक लावावयाची आणि येणाऱ्या वर्णपटांची सरासरी घ्यावयाची, ही ती रीत. पहिले फलन मध्यावर भर देते आणि कडा सोडते; दुसरे, तिसरे उत्तरोत्तर कडांकडे सरकते. गळती आटोक्यात राहते आणि टोकांची माहितीही वाया जात नाही. रुंदीची किंमत येथेही मोजावी लागते. फक्त ती किती मोजावयाची हे आधी ठरविता येते. लोणारच्या गाळात आजपर्यंत पोहोचणारे वरचे थर, आणि वऱ्हाडच्या पर्जन्यश्रेणीतील १८९९ साल, ह्या रीतीने हिशेबात परत येतात.